आरव्ही सहलीतील एक निवांत दिवस शैलचित्रांसाठी: मोआब परिसरात प्रथमच जाणाऱ्यांकरिता मार्गदर्शन

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात आरव्ही, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन फिरणाऱ्यांच्या यादीत सहसा राष्ट्रीय उद्याने आधी येतात आणि शैलचित्रे, म्हणजे खडकांवर खोदलेली किंवा रंगवलेली जुनी चित्रे, ‘वाटेत लागली तर पाहू’ या खात्यात जातात. युटा राज्यातील मोआब या गावाच्या आसपास मात्र शैलचित्रांसाठीच एक पूर्ण दिवस राखून ठेवावा, असे मी सुचवीन. येथील काही उत्तम चित्रफलक डांबरी रस्त्याच्या अगदी कडेला आहेत, ते पाहण्यासाठी प्रवेशशुल्क द्यावे लागत नाही आणि मोठी गाडीही त्यांच्याजवळ नेता येते. पुढील आखणीत दिवसभरात दोनच ठिकाणे घेतली आहेत, आणि ती संख्या मुद्दामच कमी ठेवली आहे. आरव्हीचा खरा फायदा जास्त अंतर कापण्यात नसून एका जागी जास्त वेळ थांबता येण्यात आहे. सावली, खुर्ची, पाणी, जेवण आणि स्वच्छतागृह सोबत असल्यावर घाई करण्याचे कारण उरत नाही. आणि शैलचित्रे घाईत असणाऱ्याला जवळजवळ दिसतच नाहीत.

हंगाम, गाडी आणि ठिकाणांची निवड

एप्रिल, मे आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचा काळ या भागासाठी सर्वांत सोयीचा आहे. जुलैत दुपारचे तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. शिवाय जुलै ते सप्टेंबर हा वादळी पावसाचा काळ असल्याने, दूर कोठेतरी पडलेल्या पावसाचे पाणी डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही कोरड्या ओढ्यातून लोंढ्यासारखे येऊ शकते. वसंतातील शनिवार-रविवारी मोआब माणसांनी आणि गाड्यांनी भरून गेलेले असते, म्हणून हा दिवस शक्यतो सोमवार ते गुरुवारच्या दरम्यान ठेवावा.

प्रथमच चालवणाऱ्यांनी २५ फुटांच्या आतली गाडी घ्यावी. पुढच्या केबिनवर बिछाना असलेली क्लास सी गाडी कुटुंबासाठी पुरते. दोघांनाच जायचे असेल तर क्लास बी व्हॅन अधिक सोपी पडते. बसएवढी क्लास ए गाडी आरामशीर असली, तरी रस्त्याकडेच्या लहान थांब्यांवर तिला जागा मिळणे अवघड असते. लांब गाडी वळवताना तिचा मागचा भाग वळणाच्या विरुद्ध बाजूला बाहेर झुकतो, हे विसरल्यामुळे थांब्यावरून निघताना शेजारच्या गाडीला घासण्याचे प्रकार बरेच होतात. उभ्या गाडीशेजारून निघताना आधी थोडे सरळ पुढे जावे आणि मगच चाक वळवावे.

भाड्याचा करार नीट वाचावा. बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास मनाई असते, आणि या एका अटीमुळे ठिकाणांची निवड अर्धी आपोआप होते. कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानाच्या हॉर्सशू कॅनियन विभागातील ‘ग्रेट गॅलरी’ हा या प्रदेशातील सर्वांत प्रसिद्ध रंगचित्रांचा फलक आहे. परंतु तेथे जाण्यासाठी मैलोन्‌मैल कच्च्या रस्त्याने गाडी न्यावी लागते आणि त्यानंतर जाऊन-येऊन सुमारे ७ मैल चालावे लागते. केन क्रीक रस्त्यावरील, चारही बाजूंनी खोदकाम असलेला ‘बर्थिंग रॉक’ हा खडकही डांबर संपल्यानंतर येतो. ही दोन्ही ठिकाणे आरव्हीच्या यादीतून सरळ वगळावीत. लहान गाडी मागे जोडून आणली असेल तर गोष्ट वेगळी. उरलेल्यांपैकी पोटॅश रस्त्यावरील खोदचित्रे आणि न्यूजपेपर रॉक ही जोडी मला नवख्यांसाठी सर्वांत योग्य वाटते.

आदल्या दिवशीची तयारी

आदला मुक्काम मोआबमधील एखाद्या आरव्ही पार्कात, म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळेल अशा ठिकाणी करावा. सकाळी निघण्यापूर्वी ताज्या पाण्याची टाकी पूर्ण भरावी. त्यानंतर ब्लॅक टँक आणि मग ग्रे टँक, याच क्रमाने दोन्ही टाक्या रिकाम्या कराव्यात; शौचालयाच्या टाकीनंतर भांड्यांचे पाणी सोडल्याने नळी आतून धुऊन निघते. प्रोपेन तपासावा. इंधनाची टाकी मोआबमध्येच भरावी, कारण न्यूजपेपर रॉककडे जाणाऱ्या २११ क्रमांकाच्या रस्त्यावर इंधन मिळण्याची खात्री नसते. त्या रस्त्यावर मोबाइलचा सिग्नलही फारसा मिळत नाही, तेव्हा नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावेत.

टाकीतील पाण्याव्यतिरिक्त माणशी किमान ४ लिटर पिण्याचे पाणी वेगळे ठेवावे. दुर्बीण अवश्य घ्यावी. ती का, हे पुढे येईलच. घडीच्या दोन खुर्च्या, रुंद काठाची टोपी, वही आणि पेन्सिल एवढे सामान पुरेसे आहे. न्याहारीचे व दुपारचे जेवण आदल्या संध्याकाळीच करून शीतपेटीत ठेवले, तर दिवसा जनरेटर लावण्याची वेळ येत नाही आणि फलकाजवळची शांतता टिकते. निघताना कपाटांच्या व शीतपेटीच्या कड्या लागल्या आहेत, छपरावरील झडप बंद आहे, पायरी आत घेतली आहे आणि वीज-पाण्याच्या नळ्या सुटल्या आहेत, याची गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून खात्री करून घ्यावी.

सकाळ: पोटॅश रस्ता

मोआबहून १९१ क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेस निघाल्यावर कोलोरॅडो नदीचा पूल ओलांडून थोड्याच अंतरावर, आर्चेस उद्यानाकडे जाणाऱ्या फाट्याच्या आधीच, डावीकडे २७९ क्रमांकाचा रस्ता फुटतो. हाच पोटॅश रस्ता. एका बाजूला कोलोरॅडो नदी आणि दुसऱ्या बाजूला लाल वालुकाश्माची सरळसोट भिंत, असा हा संपूर्ण डांबरी रस्ता आहे. फाट्यापासून सुमारे ५ मैलांवर ‘इंडियन रायटिंग’ अशी पाटी आणि गाडी उभी करण्याची लहानशी जागा दिसते.

येथे सकाळी लवकर पोहोचण्यास दोन कारणे आहेत. पहिले कारण जागेचे. याच भिंतीचा काही भाग गिर्यारोहकांचा आवडता असून ते ऊन चढण्याच्या सुमारास येऊ लागतात. मग लांब गाडीला थांबा मिळत नाही. दुसरे कारण प्रकाशाचे, आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. ही भिंत साधारण पूर्वेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळी तिच्यावर ऊन असते आणि दुपारनंतर ती सावलीत जाते. अगदी सकाळचे ऊन भिंतीवर समोरून पडते, तेव्हा चित्रे स्पष्ट पण सपाट दिसतात. सूर्य वर चढून ऊन भिंतीवरून तिरपे घसरू लागते, तेव्हा प्रत्येक खोदखुणेच्या कडेला बारीक सावली उमटते आणि आधी न दिसलेल्या आकृती एकेक करून पुढे येतात. भिंत सावलीत जाण्याआधीचा शेवटचा अर्धा-पाऊण तास सर्वोत्तम असतो. म्हणून आठच्या सुमारास पोहोचावे, गाडी पांढऱ्या रेषेच्या पूर्ण पलीकडे, रस्त्याबाहेर घ्यावी, हँडब्रेक लावावा, चहा टाकावा आणि ऊन फिरण्याची वाट पाहावी. स्लाइड-आउट, म्हणजे गाडीतून बाहेर सरकणारा भाग, असेल तर तो येथे उघडू नये. रस्त्याच्या टोकाला पोटॅशचा कारखाना असल्याने अवजड ट्रक या वाटेने जात-येत असतात. मुलांना रस्त्याच्या बाजूला उतरू देऊ नये.

भिंतीकडे पाहिल्यावर प्रथम गोंधळ उडतो, कारण चित्रे डोळ्यांच्या पातळीवर नसून रस्त्यापासून सुमारे २५ ते ३० फूट उंचीवर आहेत. ती खोदणारे शिडी लावून चढले नव्हते. रस्ता बांधताना भिंतीच्या पायथ्याशी असलेला मातीचा व दगडांचा उतार काढून टाकण्यात आला. ज्या जमिनीवर उभे राहून ही चित्रे खोदली गेली, ती जमीनच आता नाही. दुर्बीण लागते ती यासाठी. एका बाजूला हातात हात घातल्यासारख्या उभ्या मानवाकृतींची रांग आहे, शिंगे असलेल्या मेंढ्या आहेत, रुंद खांद्यांच्या आणि खाली निमुळत्या होत गेलेल्या आकृती आहेत. थोडे पुढे, चालत जाण्याच्या अंतरावर, दुसरा फलक आहे. तेथील मोठे अस्वल चुकवू नये.

फलक कसा पाहावा

नवखा माणूस फलकासमोर उभा राहतो, छायाचित्र घेतो आणि काही मिनिटांत निघतो. त्याऐवजी पुढील क्रम करून पाहावा. पहिला काही वेळ कॅमेरा बाजूला ठेवून भिंतीचा पृष्ठभाग नुसता पाहावा. वाळवंटातील खडकांवर मँगनीज व लोहाची ऑक्साइडे आणि चिकणमातीचे कण यांचा अतिशय पातळ, गडद तपकिरी ते काळा थर हजारो वर्षांत साचतो. दगडाने ठोके मारून हा थर काढला की आतला फिकट वालुकाश्म उघडा पडतो. खोदचित्र म्हणजे एवढेच. रंग लावलेला नसतो; दिसतो तो खडकाचाच मूळ रंग. पुढे काळ जातो तसा उघड्या भागावर पुन्हा थर चढू लागतो, त्यामुळे जुनी आकृती भोवतालच्या खडकासारखी गडद होत जाते आणि नवी आकृती उजळ राहते. एकाच फलकावर गडद आणि उजळ आकृती शेजारी-शेजारी असतील, तर आधी कोण आणि नंतर कोण हे साध्या डोळ्यांनीही बऱ्याचदा ठरवता येते. ही तुलना मात्र एकाच भिंतीवरील, सारखेच ऊन-पाणी लागणाऱ्या भागापुरती ठेवावी.

यानंतर दुर्बिणीतून एकच आकृती घ्यावी, समजा एक मेंढी, आणि तिच्या कडा पाहाव्यात. हातातल्या दगडाने थेट ठोकलेल्या खुणा विखुरलेल्या व ओबडधोबड असतात. एका टोकदार दगडावर दुसऱ्या दगडाने घाव घालून केलेल्या खुणा नेमक्या, जवळजवळ आणि रेषेत बसतात. मेंढीच्या पाठीवरून जाणाऱ्या शिंगांची वक्ररेषा दोन ठोक्यांइतकी बारीक असूनही कोठे तुटलेली नसते, तेव्हा त्या हाताला हे काम चांगले सवयीचे होते हे लक्षात येते. पोट भरताना मात्र तोच हात काही ठिकाणी मोकळा सोडून पुढे गेलेला असतो. या गोष्टी फोनच्या पडद्यावर सापडत नाहीत.

तिसरी पायरी काळाच्या खुणा शोधण्याची. शिकारी आकृतीच्या हातात भाला फेकण्याची काठी, म्हणजे अ‍ॅटलॅटल, असेल तर चित्र जुने असण्याचा संभव जास्त. धनुष्य या भागात साधारण इ.स. ५०० च्या सुमारास रुळले, तेव्हा धनुर्धारी दिसला की त्यानंतरचा काळ धरावा. घोडा दिसला तर प्रश्नच मिटतो. स्पॅनिशांनी आणलेले घोडे सतराव्या शतकात येथील लोकांच्या हाती येऊ लागले, म्हणून घोडेस्वारांची चित्रे त्यानंतरचीच, आणि मोआब परिसरात ती बहुधा यूट या मूळनिवासी लोकांची मानली जातात. रुंद खांद्यांचे, समलंब चौकोनी धडाचे, शिरोभूषणे व गळ्यातील माळा दाखवलेले मानव हे फ्रीमाँट संस्कृतीचे लक्षण समजले जाते. ही संस्कृती साधारण इ.स. ३०० ते १३०० या काळात येथे नांदली. दक्षिणेकडील शेतकरी समाजांना पूर्वी ‘अनासाझी’ म्हटले जाई. त्यांच्या आजच्या पुएब्लो वंशजांना ते नाव मान्य नसल्याने आता ‘पूर्वज पुएब्लो’ असा उल्लेख केला जातो, आणि आपणही तोच करावा.

चित्रांचा अर्थ काय, हा प्रश्न साहजिकच पडतो. दुकानांत चिन्हांचे अर्थ देणारे तक्ते आणि पुस्तिका मिळतात. ‘सर्पिल म्हणजे पाणी, हात म्हणजे सही’ असल्या या कोष्टकांवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एकच चिन्ह वेगवेगळ्या समाजांत आणि वेगवेगळ्या शतकांत एकाच अर्थाने वापरले गेले असेल, असे मानण्यास आधार नाही. होपी, झुनी, यूट, नवाहो हे समाज आज येथेच आहेत. काही चिन्हे आपल्या कुळांची आहेत असे होपी लोक सांगतात, आणि काही गोष्टी बाहेरच्यांना सांगायच्या नाहीत असेही ठरवतात. दोन्ही गोष्टींचा मान राखावा. वहीत अर्थ लिहिण्यापेक्षा आकृती काढावी. पेन्सिलने एखादी आकृती काढू लागले की तिचे पाय किती, मान कोणीकडे वळली आहे, शेजारच्या आकृतीला ती कोठे छेदते, हे पाहावेच लागते. चित्र वाईट आले तरी डोळ्यांचे काम झालेले असते.

छायाचित्र सर्वांत शेवटी, ऊन तिरपे झाल्यावर घ्यावे. गडद थर उन्हात चमकत असेल तर पोलरायझर फिल्टरचा उपयोग होतो. फिकट झालेल्या रंगचित्रांसाठी डीस्ट्रेच नावाची संगणकीय पद्धत आहे. डोळ्यांना न दिसणारे रंगांचे अवशेष ती छायाचित्रातून वर काढते, आणि हे काम घरी गेल्यावर करता येते. फ्लॅश वापरू नये. रंगांना त्याने अपाय होतो की नाही हा वाद बाजूला ठेवला, तरी समोरून पडणाऱ्या झगझगीत प्रकाशाने खोदकामाची सावली नाहीशी होते आणि चित्र निकामी येते.

मध्यान्ह आणि न्यूजपेपर रॉक

भिंत सावलीत गेली की मोआबला परतावे. दुपारचे जेवण नदीकाठच्या एखाद्या प्रशस्त थांब्यावर, छत्री उघडून, सावकाश करावे आणि एक झोपही काढावी; आरव्हीत बिछाना असताना तो दुपारी न वापरणे हा मला शुद्ध अपव्यय वाटतो.

त्यानंतर १९१ महामार्गाने दक्षिणेस निघावे. सुमारे ४० मैलांवर उजवीकडे २११ क्रमांकाचा रस्ता फुटतो आणि त्यावर सुमारे १२ मैल गेल्यावर न्यूजपेपर रॉक येतो. फाट्यानंतर रस्ता आधी मोकळ्या पठारावरून जातो आणि शेवटच्या टप्प्यात वळणे घेत इंडियन क्रीकच्या दरीत उतरतो. या उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवण्याऐवजी गिअर खालचा घ्यावा. मागे लहान गाड्यांची रांग लागली तर योग्य जागा पाहून बाजूला थांबावे आणि त्यांना पुढे जाऊ द्यावे. पठारावर वारा जोराचा असेल तर उंच गाडी हेलकावते, अशा वेळी वेग कमी ठेवणे हाच उपाय.

येथे रस्त्यालगतच गाडी लावण्याची जागा आहे आणि तेथून फलक काही पावलांवर, सपाट वाटेने गाठता येतो. वृद्धांना व लहान मुलांना हे ठिकाण विशेष सोयीचे आहे. पिण्याचे पाणी मिळत नाही. सुमारे २०० चौरस फुटांच्या एकाच काळ्याशार दगडी पडद्यावर येथे ६५० हून अधिक आकृती खोदलेल्या असून त्यांचा कालावधी सुमारे २००० वर्षांचा मानला जातो. नवाहो भाषेत या खडकाला ‘गोष्ट सांगणारा दगड’ अशा अर्थाचे नाव आहे. माथ्यावर खडकाची पुढे आलेली कड असल्यामुळे पाऊस आणि ऊन दोन्हींपासून फलकाचा बचाव झाला आहे.

पोटॅश रस्त्यावर आकृती शोधाव्या लागतात. येथे त्या इतक्या दाटीने अंगावर येतात की डोळा कोठेच ठरत नाही. म्हणून सुरुवातीलाच एक विषय निवडावा. प्रथम फक्त पावलांचे ठसे शोधावेत. त्यांपैकी काहींना सहा बोटे आहेत, हे मुलांना शोधायला सांगावे. मग फक्त घोडेस्वार पाहावेत. घोड्यावर बसून बाण सोडणाऱ्या स्वाराची आकृती आजूबाजूच्या जुन्या, गडद झालेल्या आकृतींपेक्षा स्पष्टपणे उजळ दिसते, आणि सकाळी शिकलेला नियम येथे एका नजरेत पडताळता येतो. नंतर शिंगांची मेंढरे, मग चक्रे आणि रेषा. याच फलकावर नंतरच्या वसाहतकारांनी कोरलेली नावे व आद्याक्षरेही आहेत. त्यांतील जुनी नावे आता स्वतःच इतिहासाचा भाग मानली जातात, आणि आज कोणी तेच केले तर तो गुन्हा ठरतो. पाहणाऱ्याला ही विसंगती खटकते, पण कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे.

सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी येथून निघावे. २११ आणि १९१ या दोन्ही रस्त्यांवर तिन्हीसांजेला हरणे आडवी येतात आणि इंडियन क्रीकच्या भागात मोकळी गुरेही असतात. भरलेली आरव्ही थांबायला लहान गाडीपेक्षा कितीतरी जास्त अंतर घेते.

काय करू नये

चित्रांना हात लावू नये, कारण त्वचेवरील तेल खडकावर राहते आणि हजारो हातांचे मिळून ते फार होते. चित्र उठून दिसावे म्हणून त्यावर पाणी शिंपडणे, खडूने रेषा ओढणे, कागद ठेवून ठसा घेणे हे सर्व प्रकार वर्ज्य आहेत. खडूचे व रबराचे कण बारीक छिद्रांत बसतात आणि भविष्यात होऊ शकणाऱ्या शास्त्रीय परीक्षणाची वाट बंद करतात. खापराचा तुकडा किंवा दगडी पाते सापडले तर ते जेथे आहे तेथेच राहू द्यावे. संघराज्याच्या जमिनीवरील पुरातत्त्वीय ठेव्याचे संरक्षण करणाऱ्या १९७९ च्या कायद्यानुसार पहिल्याच गुन्ह्यासाठी १०,००० डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. नुकसान मोठे असेल तर शिक्षा वाढते. हे केवळ कागदावरचे भय नाही. केन क्रीक रस्त्यावरील बर्थिंग रॉकवर २०२१ च्या एप्रिलमध्ये अज्ञातांनी अश्लील आणि वर्णद्वेषी मजकूर ओरखडला. त्याआधी, १९८० मध्ये, आर्चेस उद्यानाच्या हद्दीतील कोर्टहाउस वॉश येथील रंगचित्रे अशाच उपद्रवात घासली गेली. त्यांची साफसफाई करताना खाली त्याहून जुन्या आकृती दिसल्या, पण वरच्या चित्रांचे मूळ रूप गेले ते गेलेच.

जमिनीकडेही लक्ष असावे. वाटेबाहेर दिसणारी काळसर, खडबडीत, फुगलेली माती ही सूक्ष्मजीव, शेवाळ आणि दगडफूल यांची जिवंत साय असते. तिच्यावर पडलेले एक पाऊल भरून यायला कित्येक वर्षे, काही ठिकाणी अनेक दशके लागतात. राष्ट्रीय उद्यानांत ड्रोन उडवण्यास मनाई आहे. रस्त्याकडेच्या प्रसिद्ध फलकांची छायाचित्रे खुशाल प्रसिद्ध करावीत. मात्र चालताना एखादा अनाम फलक सापडला तर त्याचे अचूक स्थान फोटोबरोबर जाऊ देऊ नये, आणि त्यासाठी फोनमधील स्थाननोंद आधीच बंद करून ठेवावी. कोणी नासधूस करताना दिसले तर वाद घालू नये. गाडीचा क्रमांक, वेळ आणि जागा टिपून ती जमीन ज्या खात्याकडे आहे त्याच्या स्थानिक कार्यालयास किंवा शेरीफला कळवावे.

रात्रीचा मुक्काम

येथे दोन पर्याय आहेत. संध्याकाळी गाडी चालवायची नसेल तर इंडियन क्रीक भागातील बीएलएमच्या, म्हणजे संघराज्याच्या भूमी व्यवस्थापन खात्याच्या साध्या कॅम्पग्राउंडवर राहावे. तेथे सपाट जागा आणि स्वच्छतागृह असते. वीज व पाणी नसते. सकाळी टाक्या भरून व रिकाम्या करून घेतल्या होत्या त्या याचसाठी. जागा आगाऊ राखता येत नसल्यास दुपारी न्यूजपेपर रॉक पाहण्याआधीच पुढे जाऊन ती धरून ठेवावी. पुढे कॅनियनलँड्स उद्यानाच्या नीडल्स विभागातही कॅम्पग्राउंड आहे, मात्र तेथे २८ फुटांपेक्षा लांब गाडीला जागा मिळत नाही. दुसरा पर्याय म्हणजे मोआबला परतणे, किंवा उजेड पुरेसा असेल तर डेड हॉर्स पॉइंट या राज्य उद्यानात जाणे. तेथे विजेची जोडणी मिळते. पाणी मात्र भरूनच जावे लागते, आणि जागा खूप आधी राखून ठेवावी लागते. रात्रीच्या आकाशासाठी ते विशेष प्रसिद्ध आहे.

गाडी समपातळीत आणण्यासाठी चाकांखाली ठोकळे लावावेत. तिरप्या गाडीत झोप लागत नाही, आणि जुन्या पद्धतीची शोषण-प्रकारची शीतपेटी असेल तर तीही नीट चालत नाही. वीज नसलेल्या जागी बॅटरी रात्रभर पुरवायची असल्याने अनावश्यक दिवे बंद ठेवावेत. कॅम्पग्राउंडवर जनरेटरच्या वेळा ठरलेल्या असतात आणि त्या पाळाव्यात.

आणखी एक दिवस असेल तर

मोआबहून उत्तरेस १९१ ने आंतरराज्य महामार्ग ७० गाठून पूर्वेकडे १८७ क्रमांकाच्या फाट्यावर थॉम्पसन स्प्रिंग्ज येथे उतरावे. तेथून काही मैलांवर सेगो कॅनियन आहे. मोआबपासून हे सुमारे ४० मैल पडते. येथे तीन परंपरा जवळ-जवळ पाहता येतात: बॅरियर कॅनियन शैलीची हातपाय नसलेली, मोठ्या पोकळ डोळ्यांची लाल रंगातील उंच मानवाकृती, फ्रीमाँट लोकांची खोदचित्रे, आणि यूट लोकांनी रंगवलेले घोडे व ढाल. बॅरियर कॅनियन शैलीच्या वयाबद्दल अभ्यासकांत अजून वाद आहेत, पण त्या आकृतींसमोर उभे राहिल्यावर बोलणे आपोआप कमी होते.

प्रवास दुसऱ्या राज्यात असेल, तर आरव्हीसाठी दोन ठिकाणे खास सोयीची आहेत. नेवाडातील व्हॅली ऑफ फायर हे राज्य उद्यान लास व्हेगासपासून सुमारे ५० मैलांवर असून तेथे वीज-पाण्याच्या जोडणीसह आरव्ही मुक्काम करता येतो आणि अ‍ॅटलॅटल रॉकवरील चित्रे लोखंडी जिन्याने चढून जवळून पाहता येतात. उन्हाळ्यात मात्र तेथील उष्णता जीवघेणी असते. न्यू मेक्सिकोतील थ्री रिव्हर्स येथे इ.स. ९०० ते १४०० दरम्यान खोदलेल्या २१,००० हून अधिक आकृती एका टेकाडावर पसरलेल्या असून पायथ्याशी मोजक्या आरव्हींना वीजजोडणीसह राहता येते. आल्बुकर्कीच्या कडेचे पेट्रोग्लिफ राष्ट्रीय स्मारक याहून प्रसिद्ध आहे आणि ज्वालामुखीच्या काळ्या दगडांवरील त्याच्या सुमारे २४,००० चित्रांसाठी अवश्य पाहावे. स्मारकाच्या हद्दीत मुक्कामाची परवानगी नसल्याने शहरातील आरव्ही पार्कमध्ये जागा आधीच घेऊन ठेवावी.